न जोडलेला कॅमेरा

जेवणाचं टेबल चौघांचं होतं. त्यातली दोघांची जागा चंद्रमौळीनं सोल्डरिंगच्या सामानानं अडवली होती आणि उरलेल्या जागेत तो आणि त्याची मुलगी नित्या ताटं लावून जेवत. त्याची बायको कनका असती तर हे सामान तिथे एक दिवस टिकलं नसतं. ती जानेवारीत गेली, पोंगलच्या आठवड्यात. आता मे महिना होता, चेन्नईत कत्तिरीचं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातलं, ऊन तापलं होतं, आणि अण्णा नगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंखा गरम हवाच फिरवत होता.

चंद्रमौळी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कंपनीत सर्किटं आखायचा. त्या वर्षी, २००६ साली, बिल्डर लोकांना व्हिडिओ डोअरफोनचं वेड लागलं होतं. बाहेर कॅमेरा, घरात छोटा पडदा, माणूस ओळखीचा दिसला की बटण दाबायचं आणि कुलूप उघडायचं. कंपनीला एका मोठ्या इमारतीचं काम मिळायच्या बेतात होतं आणि नमुन्याचा बोर्ड चंद्रमौळीनं केला होता. बोर्डाच्या मधोमध डीकोडर चिप होती. कॅमेऱ्याकडून तारेतून नुसता वरखाली होणारा व्होल्टेज येतो. चिप त्यातून ओळी शोधते, रंग शोधते आणि सगळ्याचे आकडे करून पडद्याला देते. त्या चिपला दोन कॅमेरे जोडता येत होते. एक फ्लॅटच्या दाराचा, दुसरा खालच्या गेटचा. घरी तपासणी करण्यासाठी त्यानं पहिला कॅमेरा आपल्याच दाराबाहेर बसवला होता. दुसरा जोडलाच नव्हता.

घोटाळा त्या दुसऱ्याचाच होता.

इनपुटला काही जोडलेलं नसलं, की चिपनं तसं सांगायचं असतं. मग पडदा निळा होतो. इतकं साधं काम. पण दुसरं इनपुट निवडलं की चिप सांगायची, सिग्नल सापडला. पडद्यावर करड्या ठिपक्यांचा चिखल यायचा आणि त्यात काहीतरी हळूहळू वर सरकत राहायचं.

"मौळी सार्, शेजारच्या तारेतून गळत असेल," शेषाद्री फोनवर म्हणाला. शेषाद्री कंपनीचा मालक, वयानं त्याच्याहून लहान. दोघं तमिळमध्येच बोलत. "पहिल्या इनपुटचं दुसऱ्यात येतंय."

"पहिला कॅमेरा काढून पाहिला. तरी येतंय."

"मग केबल टीव्हीचं असेल."

"केबल टीव्हीचं असतं तर त्यात नाचगाणं दिसलं असतं," चंद्रमौळी म्हणाला. "इथे काहीच नाचत नाही."

"सार्, ते नाचो नाहीतर झोपो. बिल्डरसमोर निळा पडदा आला पाहिजे. न जोडलेल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा डोअरफोन कोण घेईल?"

चंद्रमौळीनं इनपुट जमिनीला जोडलं. फरक पडला नाही. मधला कपॅसिटर उपटून काढला, म्हणजे आता चिपच्या त्या पायापर्यंत तारच पोचत नव्हती. फरक पडला नाही. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून नवी चिप आणली, उन्हात दोन बस बदलून, आणि भिंगातून बघत एकेक पाय जोडला. चष्म्यावर घाम टपकत होता. नवी चिपही तेच म्हणाली. ऑफिसातून उचलून आणलेला, तारेतला व्होल्टेज रेघेनं दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. त्या पायावर सरळ आडवी रेघ होती. काही नाही. शून्य. आणि चिप म्हणत होती, आहे.

तोच बोर्ड गिंडीला नेला तर पडदा निळा. घरी आणला की चिखल.

"म्हणजे तुमच्या घराच्या अर्थिंगमध्ये दोष आहे," शेषाद्री म्हणाला.

"माझ्या घरात दोष असेल, माझ्या बोर्डात नाही," चंद्रमौळीनं फोन आपटला.

"अप्पा, फोन फुटला तर नवा मलाच घ्यावा लागेल," नित्या म्हणाली. ती ऑफिसला निघाली होती. खांद्याला पिशवी, एका हातात इडलीचा डबा. "आणि सांबाराच्या भांड्याला तुमची ती वायर टेकलीय. उद्या सांबारसुद्धा पडद्यावर दिसेल."

"दिसू दे. काहीतरी ओळखीचं दिसेल."

ती हसली. दारात सँडल घातल्या, वळून म्हणाली, "येते, अप्पा."

चंद्रमौळीनं मान हलवली. ती क्षणभर थांबली, मग गेली.

त्यांच्या घरी आधी असं नुसती मान हलवणं नव्हतं. तंजावरकडच्या मराठी घरांत निघणारा "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आणि घरातलं माणूस म्हणतं, "जाऊन ये." तमिळ शेजारी म्हणतात ना, "पोय्ट्टु वा," तेच. कनका शाळेत शिकवायची. दिवसभर तमिळ आणि इंग्रजी बोलून यायची आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की मराठीवर यायची. नित्या तमिळमध्ये काही बोलली तर तिला ऐकूच यायचं नाही. "कोणीतरी बोललं कां?" असं भिंतीला विचारायची. रोज सकाळी ती निघताना "येते" म्हणायची आणि चंद्रमौळी पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "जाऊन ये." एवढंच. नाव घ्यायची पद्धत नव्हती. त्याच्या वडिलांनी आईचं नाव कधी घेतलं नव्हतं, त्यानंही सत्तावीस वर्षांत कनकाला नावानं हाक मारली नव्हती. "अगे" म्हटलं की ती यायची.

जानेवारीत विद्युतदाहिनीपाशी रांग होती. चार-पाच तिरड्या ओट्यावर ठेवलेल्या, प्रत्येकीभोवती आपापली माणसं. कनकाचा नंबर आला. पट्टा हलला, दार वर उचललं गेलं, आणि चंद्रमौळीच्या तोंडून रोजच्यासारखं निघून गेलं, "जाऊन ये."

मोठ्यानं निघालं. ओट्यापाशी बसलेली माणसं वळून बघू लागली. कनकाचा भाऊ तुकोजी शेजारी उभा होता, त्यानं त्याचा दंड धरला.

"काय बोलिलां हे, भावोजी? हिथे असं बोलतात कां?"

जिथे मरण झालं तिथून निघताना कोणी "येतो"ही म्हणत नाही. न बोलता उठायचं आणि चालू लागायचं. हे त्याला माहीत होतं. तेव्हापासून ते दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. नित्या रोज दारात थांबायची, तो रोज मान हलवायचा.

दुपारी त्यानं हट्टानं बोर्ड पुढे ओढला. घालवता येत नाही, तर निदान काय आहे ते बघू.

चिपच्या आत शंभरावर सेटिंगं असतात. रेडिओचा आवाज वाढवतात तसा सिग्नल किती वाढवावा, ओळींची वाट किती वेळ पाहावी, रंग अशक्त असेल तर टाकून द्यावा की ठेवावा. सिग्नल दुबळा मिळाला तर चिप आपणहून त्याला वाढवत नेते. ती सोय बंद केली तर हे चित्र मरेल आणि पडदा निळा होईल, हे चंद्रमौळीला पहिल्या दिवसापासून कळत होतं. दोन मिनिटांचं काम. पण ते दुरुस्त करणं नव्हतं, तोंड दाबणं होतं. त्यानं उलट केलं. वाढवायची सोय शेवटपर्यंत मोकळी सोडली.

चित्र वर सरकायचं थांबलं. करड्या चिखलात उभ्या रेघा दिसू लागल्या, सारख्या अंतरावर. त्या गजांच्या होत्या. लोखंडी गेट, वर कमान, कमानीच्या डाव्या अंगाला झाड. सगळं उंचावरून दिसत होतं, जसं गेटच्या खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याला दिसेल.

संध्याकाळी नित्या आली, पाणी प्यायली आणि भांडं हातात धरून पडद्यापुढे उभी राहिली.

"हे कुठलं गेट?"

"माहीत नाही."

"शाळेचं वाटतं. की हॉस्पिटलचं?" ती वाकली. "अप्पा, बाहेर कोणीतरी उभं आहे. पाठमोरं. दिसलं कां?"

त्याला दिसलं होतं. गेटसुद्धा त्यानं ओळखलं होतं. नित्यानं ते कधी पाहिलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे बायका तिथवर जात नाहीत. त्या गेटातून तो, तुकोजी आणि चुलतभाऊ कनकाला घेऊन आत गेले होते. फक्त एक उलटं होतं. तेव्हा गेटची जी बाजू आतली होती, ती आता बाहेरची झाली होती. गेटच्या पलीकडे दाहिनीची चिमणी दिसत होती. उभी असलेली व्यक्ती त्या बाजूला होती.

"ठिपके आहेत नुसते," तो म्हणाला. "जेवायला वाढ."

ती वाढायला गेली, पण जेवताना पडद्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी ती आकृती गजांच्या जवळ आली होती. बाई होती, साडी नेसलेली. त्यानंतर आणखी जवळ. हलताना कधी दिसली नाही. चंद्रमौळी हात धुऊन यायचा, तोवर ती पुढे सरकलेली असायची. तोंड मात्र दुसरीकडे. चेहरा बघायचा म्हणून त्यानं काय केलं नाही! ठिपके गाळायची सोय चालू केली तर ठिपक्यांबरोबर बाईही पुसट व्हायची. बंद केली की यायची, पण नाकडोळे ठिपक्यांत बुडालेले. तीक्ष्णपणा वाढवला तर गज उजळले, ती तशीच. दिवसचे दिवस असे गेले. तो स्वतःशी शिव्या देऊ लागला, दाढी करायचा कंटाळा करू लागला, कॉफी निवून तिच्यावर साय धरू लागली.

"सार्, सोमवारी बिल्डर येतोय," शेषाद्रीनं सांगितलं. "ती सिग्नल वाढवायची सोय बंद करा आणि मोकळे व्हा. हे तुम्हीच मला शिकवलंय."

"कारण सापडल्याशिवाय मी बंद करणार नाही."

"कारणाचं काय लोणचं घालायचंय?" मग शेषाद्रीचा आवाज उतरला. "सार्, घरी एकटे नका काम करत बसू. इकडे या. दुपारी सगळे मिळून जेवू."

"सोमवारी बोर्ड मिळेल," म्हणून त्यानं फोन ठेवला.

शनिवारी दुपारी नित्या टी. नगरला मैत्रिणीबरोबर गेली होती. खाली पाण्याची लॉरी आली होती आणि घागरी लावण्यावरून बायकांची भांडणं वरपर्यंत ऐकू येत होती. चंद्रमौळीनं शेवटची एक गोष्ट करून पाहायची ठरवली. रंग. इतके दिवस चित्र काळंपांढरं होतं, कारण इतक्या दुबळ्या सिग्नलातला रंग चिप टाकून देते. त्यानं ती सोय बंद केली. जसा असेल तसा रंग दाखव.

रंग आला.

साडी लाल होती.

कुंकवासारखी लाल. कनका सवाष्ण गेली, म्हणून तुकोजीच्या बायकोनं कपाटातली लाल कांजीवरम काढून तिला नेसवली होती.

चंद्रमौळी खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. कमानीजवळच्या झाडाची पानं तपकिरी-तांबडी दिसत होती. उन्हानं करपली असतील. गजावर ठेवलेला तिचा हात हिरवट होता. ठिपक्यांचा दोष. त्याला आता दोष शोधायचे नव्हते.

ती गजांना अगदी लागून उभी होती. डोकं किंचित वळलेलं, जशी आतून कोणी बोलावतंय का याची चाहूल घेणारी बाई उभी राहते.

बोर्डावर दोन बटणं होती. दुसरं बटण गेटच्या कुलपाचं. त्याला कुलूप जोडलेलं नव्हतं.

"अगे," तो म्हणाला. "ये."

आणि बटण दाबलं.

बोर्डावरचा कुलपाचा रिले खट्‌कन वाजला. पडद्यावर गेट आतल्या बाजूला उघडलं. बाई कॅमेऱ्याकडे न बघता पुढे आली, चित्राच्या खालच्या कडेपाशी तिची लाल साडी आणि हिरवट पाऊल दिसलं, आणि ती चित्राबाहेर गेली.

तो धावत दाराशी गेला. दार उघडलं. जिना रिकामा होता. खाली घागरींचा आवाज, वरच्या मजल्यावर कोणाचा तरी रेडिओ. तो तसाच उभा राहिला, दार सताड उघडं टाकून, पाय दुखेपर्यंत. कोणी आलं नाही.

परत येऊन बघतो तर चित्र बदललं होतं.

ठिपके नव्हते. आपल्या दाराच्या कॅमेऱ्याचंही इतकं स्वच्छ चित्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं. झाडाची पानं हिरवीगार होती.

त्याला कळलं. आपल्याकडच्या टीव्हीच्या सिग्नलात एका ओळीआड लाल रंगाची दिशा उलटते. ती उलटापालट ओळखताना चिप चुकली, की चेहरे हिरवे होतात. पानं तांबडी होतात. नवशिक्या पोरालाही हे माहीत असतं. त्यानं स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं.

आत आलेल्या बाईची साडी हिरवी होती.

गेट बंद होतं. गजांपलीकडे आता दुसरी बाई उभी होती. लाल कांजीवरम, हात गजांवर. हाताचा रंग हाताचा होता. ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती.

ती कनका होती.

त्यानं बटण दाबलं. रिले वाजला. गेट हललं नाही.

पुन्हा दाबलं. दाबून धरलं. रिले खटखटत राहिला. कनकानं गेटकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

"कनका," तो म्हणाला.

मग ओरडला, "कनका! तू ये! तुला म्हणालो होतो!"

त्या तारेवर माइक नव्हता. चिप फक्त चित्राची होती, आवाजाचं तिला काही कळत नव्हतं. कनका बघत राहिली. तिचे ओठ हलले नाहीत. जरा वेळानं तिनं गजांवरचे हात काढून घेतले.

पडदा निळा झाला.

त्यानं सगळी सेटिंगं पुन्हा भरली. निळा. कपॅसिटर बसवला, काढला. निळा. चिपला विचारलं, सिग्नल आहे? नाही. ऑसिलोस्कोपवर आडवी रेघ होती, आणि आता चिप आणि रेघ यांचं एकमत होतं.

संध्याकाळी नित्या आली तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून बसला होता. "जमलं?" तिनं विचारलं, आणि निळा पडदा बघून स्वतःच म्हणाली, "जमलं की. मग असे कां बसलात?" तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॉफी करायला गेली. स्वयंपाकघरातून थोडा वेळ तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. निदान चंद्रमौळीला तो तिचाच वाटला.

सोमवारी बिल्डर खूश झाला. "सार्, कारण सापडलं का?" शेषाद्रीनं फोनवर विचारलं. चंद्रमौळी हो म्हणाला.

मंगळवारी सकाळी तो पेपर घेऊन हॉलमध्ये बसला होता. टेबल मोकळं झालं होतं. नित्यानं पिशवी खांद्याला लावली, दारात खाली वाकून सँडल घालू लागली.

"येते, अप्पा."

आज म्हणायचं, असं त्यानं रात्रीच ठरवलं होतं. नाव घेऊन म्हणायचं, म्हणजे चूक व्हायची नाही. त्यानं पेपर खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

त्याच्या आधी स्वयंपाकघरातून आवाज आला. बाईचा, थोडा घोगरा, घाईतला, तमिळमधला. "पोय्ट्टु वा, कण्णु."

नित्यानं सँडलचा पट्टा लावता लावता, वर न बघता, आईला म्हणावं तसं "सरि म्मा," म्हटलं आणि जिना उतरून गेली.